तिसरी ट्यूब

चांगलं रेशीम ओळखायची माझ्या नणंदेची एक पद्धत होती. कापड ती उजेडात धरून बघायची नाही की चिमटीत चुरगाळायची नाही. तळहातावरून हळूच ओढून न्यायची. "डोळे फसतात, वहिनी," म्हणायची, "हात नाही फसत." पुढे त्याच हातांनी तिला दगा दिला.

ती मोठ्या रस्त्यावरच्या एका कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. लग्न केलं नाही. दिवसभर दुसऱ्यांची लग्नाची खरेदी बघितली की हौस भागते, असं तिचं म्हणणं. राहायला आमच्याकडेच होती आणि यांच्यावर, म्हणजे तिच्या दादावर, माझ्याहून जास्त हुकूम चालवायची. दुकानात मात्र तिची जीभ मधात बुडवलेली. गिऱ्हाईकाला "घ्या" असं ती कधी म्हणत नसे. ताग्याचं टोक बोटांत धरून कापड काउंटरवर सोडायची आणि गप्प उभी राहायची. बायका आपोआप पुढे वाकायच्या.

तिला सोरायसिस होता. हातांवर आणि कोपरांवर. कातडी लाल व्हायची, जाड व्हायची, वर पांढरे पापुद्रे धरायचे आणि बोटांच्या पेरांवर भेगा पडायच्या. हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, हे तिनं इतक्या लोकांना सांगितलं होतं की शेवटी म्हणायची, "कपाळावर लिहूनच घेते आता." बरीच वर्षं तो कोपरांपुरता राहिला, लांब बाह्यांत झाकला गेला. मग बोटांवर उतरला.

एकदा मुलीच्या लग्नासाठी कापड बघायला आलेल्या एका बाईंसमोर ती मोतिया रंगाचं रेशीम उलगडत होती. बोटाच्या खरखरीत टोकाला धागा अडकला. तिला कळलं नाही, तिनं कापड ओढलं आणि रेशमावर या काठापासून त्या काठापर्यंत सुरकुती उठली. बाईंनी आधी कापडाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, आणि आपले हात काउंटरवरून उचलून घेतले.

मालकानं त्या वेळी सावरून घेतलं. संध्याकाळी तो म्हणाला, "उद्यापासून तू आत, गोदामात."

"किती दिवस?"

"हात बरे होईपर्यंत. हे बघ, मी शेजारची भिंत पाडतोय. दुकान मोठं होतंय. रेशमाचा वेगळा काउंटर करणार आहे. तुझे हात नीट झाले तर तो तुझा. नाहीतर माझी पुतणी आहेच."

"पुतणीला रेशीम कुठलं नि अस्तर कुठलं ते कळत नाही."

"शिकेल," मालक म्हणाला. "तिची बोटं गुळगुळीत आहेत."

हे सगळं तिनं घरी येऊन मालकाची नक्कल करत सांगितलं. आम्ही हसलो. मग ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

गोदाम म्हणजे दुकानाच्या मागची बिनखिडक्यांची लांब खोली. तिथं तागे मोजायचे, चिठ्ठ्या डकवायच्या. येताना तिनं त्याच मोतिया रेशमाची एक चिंधी मागून आणली होती. रोज सकाळी चहाआधी ती चिंधी तळहातावरून आणि बोटांवरून फिरवायची. अडकली की खिशात ठेवायची. घरात सगळ्यांचं लक्ष वर्तमानपत्रात आहे असं दाखवत आम्ही तेवढंच बघत असू.

मी तेव्हा एका संशोधन संस्थेत, वनस्पतींच्या प्रयोगशाळेत कामाला होते. पानं सावलीत वाळवायची, दळायची, भिजवायची, गाळायची, आटवायची. "स्वयंपाकघरातून निघालीस आणि स्वयंपाकघरातच पोचलीस," असं हे म्हणायचे. अगदी खोटं नव्हतं. ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. खिडकीशी भोपळ्याएवढं काचेचं गोल भांडं कोमट पाण्यात गरगर फिरत असायचं आणि त्याच्या तळाशी अर्क काकवीसारखा घट्ट होत जायचा. सगळीकडे वाळल्या गवताचा वास. केसांना, पर्सला, जेवणाच्या डब्याला तोच. तो वास आज कुठे आला तर मी चालता चालता थांबते.

आमचे सर कातडीच्या सुजेवर चालेल असं झाड शोधत होते. बऱ्याच वनस्पती तपासून झाल्या होत्या. त्यातली एकच त्यांच्या मनात भरली, कुंपणाकडेला आपोआप उगवणारी, जांभळट देठाची. तपासणीत तिचा क्रमांक बारा होता, म्हणून आम्ही तिला बारा नंबरच म्हणायचो. काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवर तिचा अर्क घातला की सूज आणणारी द्रव्यं कमी व्हायची. सर त्या आकड्यांकडे नातवाकडे बघावं तसे बघायचे.

अर्क काढायची आमची ठरलेली रीत होती. पानांची पूड आधी एका पातळ, भुर्रकन उडून जाणाऱ्या द्रावणानं धुवायची. त्यात पानातला मेणचट भाग आणि हिरवा रंग उतरायचा. तो आम्हाला नको असे, कारण हिरव्या रंगानं तपासणीच्या यंत्राचं वाचन चुकायचं. त्याला आम्ही 'हिरवट' म्हणायचो आणि टाकाऊ डब्यात ओतायचो. मग ती धुतलेली पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची. त्यातून उतरे तो खरा अर्क. शेवाळी तपकिरी. सरांचा सगळा जीव त्याच्यात.

शेवटी एका इस्पितळाच्या त्वचाविभागाबरोबर माणसांवर चाचणी ठरली. अर्ध्या रुग्णांना अर्क घातलेलं मलम, अर्ध्यांना कोरं. कोण कुठलं लावतंय ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. मलम मी करायची, ट्यूबा भरायची. पण त्यांच्यावर खुणेचे आकडे इस्पितळात पडायचे, त्यामुळे कुणाला काय गेलं ते मलाही कळत नसे. नणंदेनं त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊन आपण होऊन नाव दिलं. मी सरांना सांगितलं.

"नातेवाईक?" सरांच्या कपाळाला आठ्या. "डॉक्टरांना चालत असेल तर मला चालेल. पण घरी तिच्या हातांविषयी विचारायचं नाही. आणि इथं येऊन मला सांगायचं नाही."

"एका घरात राहतो हो आम्ही. मी काय डोळे मिटून चहा देऊ?"

"डोळे उघडे ठेवा. तोंड मिटा," सर म्हणाले.

तर त्या पहिल्याच खेपेला घोळ झाला. कोऱ्या मलमाला अर्काचा रंग यावा म्हणून आम्ही बाजारातला खाण्याचा रंग घातला होता. दिसायला दोन्ही सारखी. पण इस्पितळाच्या बाकावर वाट बघत बसलेली माणसं काय नुसती बसतात? दोन आजोबांनी आपापल्या ट्यूबा उघडून एकमेकांच्या नाकाशी धरल्या.

"तुमच्याला गवताचा वास येतोय हो."

"आणि तुमच्याला मेणबत्तीचा. तुम्हाला नकली दिलंय!"

सगळ्या बाकभर ट्यूबा फिरल्या. डॉक्टरांनी सरांना फोन केला. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्या ट्यूबा परत मागवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नणंद रिकाम्या हातांनी घरी आली. कुणाच्या नाकाला काय वास आला म्हणून तिचे दिवस वाया गेले, याचा तिला इतका राग आला की दोन आजोबांना तिनं स्वयंपाकघरात उभं राहून यथेच्छ शिव्या दिल्या. तिकडे दुकानाची भिंत पडायला सुरुवात झाली होती.

आता कोऱ्या मलमाला पानांचा वास कुठून आणायचा? उत्तर काढलं आमच्या संशोधक विद्यार्थिनीनं. हुशार मुलगी. काहीही विचारा, तोंडात एकच शब्द, "झालंच". म्हणून सगळे तिला झालंचच म्हणायचे.

"हिरवट वापरू या," ती म्हणाली. "नाहीतरी फेकतोच. वास तोच, रंग जवळपास तोच. थोडा तपकिरी रंग मिसळला की कुणाच्या बापाला कळणार नाही."

सरांनी तिची पाठ थोपटली. प्रयोगशाळेत त्या दिवशी सगळ्यांनी चहा घेतला. मी दोन वाट्यांत दोन मलमं ठेवून दारापाशी उभ्या असलेल्या शिपायाला वास घ्यायला लावला. त्यानं तीनदा हुंगून हात टेकले.

चाचणी पुन्हा सुरू झाली. मी तोंड मिटून होते, पण डोळ्यांना काय करणार? आधी पापुद्रे कमी झाले. मग लाली उतरली. भेगा भरल्या आणि पेरांवरची कातडी लहान मुलीसारखी गुलाबी दिसू लागली. नणंद भांडी घासताना गुणगुणायला लागली. यांनी एकदा तिला विचारलंही, "काय गं, हात बरे दिसतायत?" तर ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, सरांनी वहिनीला ऐकायची बंदी केलीय. कानांत बोटं घालू दे तिला, मग सांगते."

एका सकाळी तिनं ती मोतिया चिंधी काढली, तळहातावरून ओढली, बोटांच्या टोकांवरून ओढली, उलट्या हातावरून ओढली. चिंधी पाण्यासारखी गेली. तिनं ती दुसऱ्यांदा फिरवली नाही. तशीच उठली, न्याहारी न करता दुकानात गेली आणि मालकापुढे दोन्ही हात धरले.

"ठरलं," मालक म्हणाला. "भिंतीचं काम होऊ दे. रेशीम तुझं."

चाचणीची मुदत संपली. उरल्यासुरल्या ट्यूबा नियमाप्रमाणे इस्पितळानं परत घेतल्या. मग निकालाची बैठक झाली. आकडेवारी बघायला एक बाई यायच्या. केस कापलेले, चष्मा डोक्यावर, बोलणं तुटक. सर त्या दिवशी नवा शर्ट घालून आले होते.

"अर्काचा गट चांगलाच सुधारलाय," बाई म्हणाल्या.

सर माझ्याकडे बघून हसले.

"कोऱ्या मलमाचा गटही तितकाच सुधारलाय. दोन्हींत फरक नाही."

खिडकीशी भांडं गरगर फिरत होतं.

"मनाचा परिणाम असतो कधी कधी," सर म्हणाले. आवाज कोरडा.

"असतो. इतका मला तरी कधी दिसलेला नाही. कोऱ्यात घातलंय काय?"

"काही नाही. मेण, तेल, पाणी. आणि रंग."

"रंग कशाचा?"

मी झालंचकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ती झालंच म्हणाली नाही.

"पानांचा," ती म्हणाली.

"कुठल्या पानांचा?"

"बारा नंबरच्या."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "म्हणजे एका ट्यूबमध्ये ते पान, आणि दुसऱ्या ट्यूबमध्येही तेच पान?"

"दुसऱ्यात अर्क नव्हता. टाकाऊ भाग होता," सर म्हणाले. "कचरा."

"कचरा तुमच्या हिशोबी. कातडीला कुणी सांगितलं होतं?"

बाहेरचं कुणी असं करणार नाही. ही चूक करायला तो हिरवा भाग वर्षानुवर्षं टाकाऊ म्हणून ओतत यावं लागतं. आमच्या लेखी तो रंग होता, वास होता, वस्तू नव्हतीच.

आता काय समजायचं? अर्क चालतो आणि हिरवटही चालतं? की दोन्ही चालत नाहीत आणि नुसतं मेण-तेलच पुरतं? की माणसं दिवसातून तीनदा हात भिजवून नेमानं काहीतरी चोळत होती, म्हणून बरी झाली? बाईंनी फळ्यावर तीन खुणा केल्या. "तिसरी ट्यूब हवी होती," म्हणाल्या. "ज्यात पान अजिबात नाही. आता पुन्हा करा."

सरांनी चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या समितीकडे अर्ज केला. मी तो चारदा टाईप केला. समितीचं उत्तर आलं की औषधात आणि कोऱ्या मलमात फरक नाही हे तुमच्याच चाचणीनं दाखवलेलं आहे, सबब पुढील चाचणीचं प्रयोजन दिसत नाही. सर समजवायला गेले. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तुम्ही म्हणताय की तुमची चाचणी चुकली, म्हणून पुन्हा संधी द्या?" सर म्हणाले, "हो." तिथंच सगळ्यावर पाणी पडलं.

नणंदेच्या हातांना मात्र समितीचं काही पडलेलं नव्हतं. ट्यूब बंद झाली, आणि काही आठवड्यांनी पेरांवर पुन्हा लाली दिसायला लागली. दुकानाची भिंत पडून झाली होती, नव्या काउंटरला लाकूड येऊन पडलं होतं.

एके दुपारी ती थेट प्रयोगशाळेत आली. गोदामाची धूळ अंगावर तशीच. मी उठायच्या आत सरांच्या टेबलापुढे उभी.

"माझी ट्यूब कुठली होती?"

सरांनी आधी मला पाहिलं, मग तिला. चाचणी संपली होती, आता सांगायला हरकत नव्हती. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, ऐकलं, ठेवला.

"कोरी," ते म्हणाले. "तुम्हाला औषध मिळालंच नव्हतं. त्यात काही नव्हतं."

"काही नव्हतं?"

"काही नाही."

"मग मला तेच 'काही नाही' द्या," नणंद म्हणाली. "एक डबाभर द्या. मी बरी झाले होते त्यानं."

झालंच खाली बघायला लागली. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, एकीच्या हातांवरून काही ठरत नाही."

"तुमचं ठरत नसेल. माझं सगळं यांच्यावरूनच ठरतं." तिनं हात त्यांच्या कागदांवर उपडे ठेवले. "दुकान उघडायच्या आत मला हे असे नकोत. औषध नका देऊ, कचरा द्या. तुम्ही फेकताच ना तो?"

सरांना तिची कीव आली असावी. आपली स्वतःचीही आली असावी. पण ते नाही म्हणाले. आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हणाले असते. कारण डॉक्टरांच्या नोंदींत एक गोष्ट होती. कोरं मलम लावणाऱ्यांपैकी दोघींना उन्हात गेल्यावर हातांवर फोड आले होते. तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं, कारण कोऱ्यात काही नव्हतंच ना! आता कळत होतं की त्यात काहीतरी होतं. ते बरं करतं की भाजतं, की दोन्ही करतं, कुणालाच माहीत नव्हतं.

घरी मी तिला नुसतं मेण-तेलाचं मलम करून दिलं. पान नाही, रंग नाही. तेवढं माझ्या हातात होतं आणि त्यात धोका नव्हता. तिनं नेमानं लावलं. हात थोडे मऊ पडले, भेगा कमी दुखायला लागल्या. पण चिंधी अडकायची ती अडकतच राहिली. आता यावरून म्हणावं का, की गुण हिरव्याचा होता? मी तसं सरांना म्हणालेही. ते म्हणाले, हवा कोरडी पडलीय, तिला झोप नाही, काळजी आहे, हा आजार काळजीनं वाढतो. खरंच होतं त्यांचं. प्रत्येक गोष्ट खरी होती आणि कुठलीच उपयोगाची नव्हती.

मग तिनं मला धरलं.

"वहिनी, खोलीची किल्ली तुझ्याकडे असते."

"असते."

"ते हिरवं तूच रोज डब्यात ओततेस."

"ओतते."

"मग एक बाटली पर्समधून आणायला काय होतंय?"

"दोघींना फोड आलेत. तुलाही आले तर?"

"माझे हात, माझी कातडी, माझं ऊन. तुझं काय जातंय?"

"आणि त्यात ते द्रावण राहिलं तर कातडी आणखी फाटेल. इथं घरी ते काढायची सोय नाही. मी नाही आणणार."

"तू त्या सरांची झालीस," ती म्हणाली. "पाठ केल्यासारखं बोलतेस."

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. हे बिचारे निरोप्या झाले. "दादा, वहिनीला सांग, मीठ जास्त झालंय." "अहो, तिला सांगा, नको असेल तर दही घालून खा." हे दोघींकडे मान डोलवायचे आणि आपला पुढ्यातला घास थंड करायचे. मला तिचा राग येत नव्हता. राग येत होता तो त्या डब्याचा. रोज तो गर्द हिरवा, चकाकता द्रव ओतताना माझे हात थबकायचे. तिला बरं करणारी वस्तू कदाचित माझ्या हातांत होती. तो 'कदाचित' काही केल्या हटत नव्हता.

झालंच दुसऱ्या संस्थेत गेली. सरांनी बारा नंबरची बरणी कपाटात मागे सारली आणि तेरा नंबर काढायला सांगितला.

तिकडे नव्या काउंटरला रंग लागला. आणि आमच्या घरात काहीतरी धडधडायला लागलं. संध्याकाळी नणंद आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची, आणि आतून फडफड, मग धप्प. एकदा काच फुटल्याचा आवाज आला. हे दार वाजवून म्हणाले, "काय चाललंय?" आतून उत्तर, "काही नाही. तुझा चष्मा कुठल्या खणात ठेवतोस?"

"टेबलावर."

"तिथं नकोस ठेवू यापुढे."

शेवटी बैठकीची खोली मोठी म्हणून ती बाहेर आली. पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर जुनी चादर गुंडाळलेली. नळकांडं डाव्या कोपरात धरलेलं, उजवी मूठ त्याच्या उघड्या टोकावर, लांब बाही खाली ओढलेली. मी खुर्चीत बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली.

"वहिनी, सरक जरा."

मी सरकले. तिनं मनगटाला एक झटका दिला. चादर नळकांड्यावरून सुटली, हवेत फुगली आणि सरळ, एकही चुणी न पडता जमिनीवर येऊन पसरली. तिच्या बोटांचा चादरीला स्पर्शसुद्धा झाला नव्हता.

"बोटं लावतंय कोण आता," ती म्हणाली.

काउंटर उघडला त्या दिवशी मी रजा टाकून गेले. दुकान रंगाच्या वासानं भरलेलं, बायकांची गर्दी. पुतणी आधीच काउंटरमागे उभी, नवे कपडे, घाबरलेला चेहरा. मालक नणंदेला म्हणाला, "हात दाखव."

तिनं दाखवले. लपवले नाहीत. लाल, जाड, पेरांवर चिरा.

मालकाचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. "मी शब्द दिला होता," म्हणाला, "पण हे असं…"

"हात बघायचेत की कापड बघायचंय?" ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता काउंटरमागे शिरली. गडद निळ्या रेशमाचा तागा कोपरात घेतला, मनगट झटकलं. रेशीम हवेत उठलं, दिव्यांत लखलखलं, काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि समोरच्या बाईंच्या हातांपाशी येऊन थांबलं. दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. नणंद नेहमीसारखी गप्प उभी राहिली. बाई पुढे वाकल्या.

"आणि घडी?" मालक हळूच म्हणाला. "घडीला तर बोटं लागतीलच ना?"

"घडी घालायला पुतणी आहे की. तिची बोटं गुळगुळीत आहेत."

मालक एकदा तिच्याकडे, एकदा पुतणीकडे बघत राहिला. तोवर दुसऱ्या बाईंनी हिरवा तागा मागितला होता. काउंटर नणंदेकडे राहिला तो ती थकून घरी बसेपर्यंत. पुतणीही तिच्या हाताखाली रेशीम ओळखायला शिकली, आणि पुढे तोंडही तिच्यासारखंच चालवायला लागली. लांबून बायका यायच्या, म्हणे तिचं कापड सोडणं बघायला. लोकांना ती ऐट वाटायची. मला मात्र प्रत्येक झटक्यासरशी तो टाकाऊ डबा आठवायचा.

आता आम्ही दोघीच आहोत. हे गेले, सरही गेले. सरांच्या शोकसभेत झालंच भेटली. आता ती मोठी प्राध्यापक आहे, केस माझ्याहून पांढरे. मी तिला विचारलं, "ती तिसरी ट्यूब कुणी केली का गं कधी?" ती म्हणाली, "राहिलंच." आणि माझा हात दाबून गर्दीत गेली.

नणंदेला आता नवी इंजेक्शनं मिळतात. नर्स घरी येऊन देते. त्या इंजेक्शनांनी हात असे झालेत की काय सांगू, सुरकुत्या सोडल्या तर डाग नाही. ज्या वयात काउंटर नाही, गिऱ्हाईक नाही, त्या वयात मिळालेत. परवा सकाळी चहाआधी तिनं ती जुनी मोतिया चिंधी कुठूनशी काढली. पिवळी पडलेली, कडा सुटलेल्या. तळहातावरून ओढली. पाण्यासारखी गेली.

"वहिनी," म्हणाली, "एवढं सांग. तेव्हा मी बरी झाले होते ती कशानं?"

"माहीत नाही गं."

"पानानं?"

"असेल."

"तेलानं?"

"तेही असेल."

"का उगीच आपोआप?"

"नाही सांगता येत."

"जन्मभर पानं उकळलीस," ती म्हणाली, "अंगाला त्यांचा वास मुरवून घेतलास, माझ्याशी भांडलीस, आणि सांगता येत नाही!"

असं म्हणून तिनं मनगटाला झटका देऊन ती चिंधी माझ्या अंगावर फेकली. तीही हवेत पुरती उलगडूनच आली.